ढकललं की येतं? मुलांना पोहायला शिकवण्याचा इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे फार पाल्हाळ लावलं होतं तिथे थोडी छाटणी केली आहे, बाकी तेच आहे.

आजचा विषय एका वाक्यापासून सुरू होतो. घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला विचारा, "पोहायला कसे शिकलात?" दहापैकी चार-पाच जण तरी सांगतील, "शिकायचंय काय त्यात? काकांनी उचललं आणि दिलं विहिरीत टाकून. हातपाय मारले, आलं." पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "आजकालच्या पोरांचे नुसते लाड."

मला प्रश्न असा पडला की हे खरंच असं होतं का? लहान मुलाला पाण्यात ढकललं की पोहणं आपोआप येतं, असं माणसं पूर्वीपासून मानत होती का? शोधायला लागलो तेव्हा उलटंच चित्र दिसलं. जिथे जिथे लोकांनी पोरांना पोहायला शिकवलं, तिथे तिथे त्यांनी ढकलून देण्यापेक्षा कितीतरी जास्त विचार केला होता.

भोपळा आणि दोर

आपल्या विहिरीपासूनच सुरुवात करू. विहिरीची मोठी अडचण काय? ती पहिल्या पावलापासून खोल असते. नदीला काठ असतो, हळूहळू घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं पाणी लागतं. विहिरीत शेवटची पायरी संपली की खाली थेट दोन-तीन पुरुष पाणी. मग सहा-सात वर्षांच्या पोराला तिथे शिकवणार कसं?

त्यावर आपल्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे भोपळा. वाळवलेला, आतून पोकळ झालेला भोपळा पाठीला किंवा कमरेला बांधायचा. कुठे पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे, कारण ते फार हलकं असतं. पुढे तेलाचे रिकामे डबे आले, मग ट्रॅक्टरची ट्यूब आली, आता पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन आहेत. वस्तू बदलली, युक्ती तीच राहिली. सोबत कमरेला दोर आणि त्या दोराचं दुसरं टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात. पोरगं चार हात मारून दमलं की दोर ओढायचा. थोडं जमायला लागलं की दोर सैल सोडायचा, दोन भोपळ्यांचा एक करायचा आणि एक दिवस तोही काढायचा.

यातला एक शब्द तर आपण रोज वापरतो. "अभ्यास आणि खेळ यांची सांगड घाल," असं आई म्हणते ना? सांगड म्हणजे मुळात पाण्यावर तरंगण्यासाठी एकत्र बांधलेल्या दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन भोपळे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात हा अर्थ दिलेला आहे. म्हणजे पाण्यात न बुडण्याची आपली जुनी तजवीज भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहे.

मग "टाकून दिलं" ही गोष्ट कुठून आली? काही ठिकाणी खरंच टाकत असणार, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा त्या गोष्टीत आधीच पाण्यात उतरलेला एखादा मामा किंवा थोरला भाऊ असतो आणि गोष्ट सांगताना तोच गाळला जातो. शिवाय ही गोष्ट आपल्याला सांगतं कोण? ज्याला पोहणं आलं तो. जो त्या दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन इतका घाबरला की पुन्हा विहिरीकडे फिरकलाच नाही, तो ही गोष्ट कौतुकाने सांगत नाही. आणि जो वर आलाच नाही, तो तर काहीच सांगत नाही.

बापाचं कर्तव्य आणि केंब्रिजचे फटके

आता जरा लांब जाऊ. ज्यू लोकांच्या तालमूद या ग्रंथात बापाची मुलाबाबतची कर्तव्यं सांगितली आहेत. त्याला धर्मशास्त्र शिकवावं, त्याचं लग्न लावून द्यावं, त्याला एखादा धंदा शिकवावा. आणि पुढे म्हटलंय की काहींच्या मते त्याला पोहायलाही शिकवावं. कारण? कधीतरी त्याचा जीव त्यावर अवलंबून असेल. हा मजकूर किमान १५०० वर्षं जुना आहे. त्याहून कितीतरी आधी प्लेटोने अडाणी माणसासाठी वापरलेला शब्दप्रयोग आहे, ज्याला वाचताही येत नाही आणि पोहताही येत नाही असा. अक्षरओळख आणि पोहणं एकाच रांगेत.

पण पाण्याची भीती वाटली की माणसं शिकवण्याऐवजी बंदी घालतात, हेही जुनंच आहे. १५७१ साली इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठाने हुकूम काढला की विद्यार्थ्यांनी आसपासच्या कुठल्याही नदीत किंवा तळ्यात पोहायला जायचं नाही. पकडलं तर फटके. पुन्हा पकडलं तर विद्यापीठातून बाहेर.

त्याच केंब्रिजमध्ये शिकलेल्या एव्हरार्ड डिग्बी या माणसाने १५८७ साली लॅटिनमध्ये पोहण्यावर एक पुस्तक लिहिलं. इंग्लंडमधलं पोहण्यावरचं हे पहिलं पुस्तक. त्यात नदीत पोहणाऱ्या माणसांची लाकडी ठशांची चित्रं आहेत. पाण्यात कसं उतरायचं, पाठीवर कसं तरंगायचं, वळायचं कसं, सगळं पायरीपायरीने. बंदी घालून पोरं नदीवर जायची थांबत नाहीत, तर मग नीट शिकवा, असाच याचा अर्थ मी घेतो.

फ्रँकलिनचं अंडं

या सगळ्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. हो, विजेच्या पतंगवालाच. बोस्टनमध्ये १७०६ साली जन्मलेला हा मुलगा पाण्यात वाढला. तरुणपणी लंडनमध्ये त्याने थेम्स नदीत चेल्सीपासून ब्लॅकफ्रायर्सपर्यंत पोहून दाखवलं. इथेच थांबून पोहण्याची शाळा काढावी, असा विचारही तेव्हा त्याच्या मनात आला होता. पुढे १७४९ साली पेनसिल्व्हेनियातल्या मुलांच्या शिक्षणाचा आराखडा लिहिताना त्याने पोहणं आवर्जून त्यात घातलं.

या फ्रँकलिनचं एक पत्र आहे. पोहायला शिकू इच्छिणाऱ्या एका मित्राला लिहिलेलं. तो म्हणतो, जिथे पाणी हळूहळू खोल होत जातं अशी जागा शोध. छातीएवढ्या पाण्यापर्यंत चालत जा. मग वळ, तोंड काठाकडे कर आणि तुझ्या आणि काठाच्या मध्ये पाण्यात एक अंडं टाक. पाणी स्वच्छ असल्यामुळे ते तळाशी दिसेल. आता डोळे उघडे ठेवून खाली जा आणि ते अंडं उचलून आण.

होतं काय, तर माणूस खाली जायला बघतो आणि जाता येत नाही! पाणी त्याला वर ढकलत राहतं. अंड्यापर्यंत पोचायला चांगलीच धडपड करावी लागते. आणि तेव्हा त्याला कळतं की ज्या पाण्यात आपण बुडू असं वाटत होतं, तेच आपल्याला बुडू देत नाहीये. शिवाय तोंड काठाकडे आहे, म्हणजे प्रत्येक प्रयत्न उथळ पाण्याकडेच नेतो. पाय टेकले की उभं राहता येतं.

फ्रँकलिनचं म्हणणं असं होतं की बूच, फुगे वगैरे बांधून हातपाय मारायचा सराव होईल, पण पाणी आपल्याला तोलून धरतं हा विश्वास बसेपर्यंत पोहणं आलं असं म्हणता येणार नाही. आपल्या विहिरीवरच्या काकांना हे पत्र माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण भोपळा हळूहळू कमी करत जाण्यात नेमकी हीच समज होती.

बांबूला टांगलेली मुलं

एकोणिसाव्या शतकात या शिकवण्यात लष्कर आलं. प्रशियाच्या सैन्यातल्या एर्न्स्ट फॉन प्फ्यूल या अधिकाऱ्याने १८१० मध्ये प्रागला आणि १८१७ मध्ये बर्लिनला पोहण्याच्या लष्करी शाळा काढल्या. पद्धत एकदम कवायतीची. आधी कोरड्या जमिनीवर एक-दोन-तीन करत हातापायांच्या हालचाली. मग कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर एका काठीला आणि काठी काठावरच्या शिक्षकाच्या हातात. म्हणजे गळाला मासा लावतात तसा शिपाई पाण्यात. ही पद्धत पुढे मुलांनाही लावली गेली. हॉलंडमध्ये तर गळाच्या काठीला टांगून पोहायला शिकल्याच्या आठवणी सांगणारी पिढी आहे.

दोर इथेही आहे, फरक ओळखा. विहिरीवर दोर सुरक्षेसाठी होता, हालचाल पोरगं स्वतः शोधायचं. इथे हालचाल आधी ठरली, आणि पाण्याची ओळख राहिली बाजूला.

याला १९२५ साली कुर्ट वीसनर या शिक्षकाने आपल्या पुस्तकातून छेद दिला. त्याचं म्हणणं साधं होतं. आधी उथळ पाण्यात खेळू द्या. डोकं पाण्याखाली घालू द्या, डोळे उघडू द्या, पाण्यात श्वास सोडू द्या, तरंगू द्या, सरकू द्या. हातपाय कसे मारायचे ते नंतर. आज कुठल्याही चांगल्या तलावावर लहान मुलांच्या बॅचला पहिले काही दिवस बुडबुडे काढायला लावतात ना? त्यामागे हा सगळा वाद आहे. त्यामुळे "फी घेतात आणि नुसता खेळ करून घेतात" असं म्हणण्याआधी जरा थांबा.

बाळं जन्मतःच पोहतात?

तुमच्या फोनवर कधीतरी रील आली असेल, चार महिन्यांचं बाळ पाण्याखाली मस्त हातपाय हलवतंय. खाली कमेंट, "पोहणं निसर्गतःच येतं, आपण विसरतो."

अमेरिकेतल्या मर्टल मॅकग्रॉ यांनी १९३९ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. अगदी लहान बाळांना आधार देऊन पाण्यात धरलं की ती लयीत हातपाय हलवतात, हे खरं. पण ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि काही महिन्यांत ती जाते. मुख्य म्हणजे बाळ श्वास घ्यायला डोकं वर काढू शकत नाही. त्यामुळे याला पोहणं म्हणता येत नाही.

मग शिकवायचं कधी? यावर डॉक्टरांचंही मत बदललं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी म्हणायची की चार वर्षांच्या आधी मुलं शिकायला तयार नसतात. २०१० मध्ये त्यांनी भूमिका बदलली, कारण १ ते ४ वर्षांच्या ज्या मुलांना शिकवणी मिळाली होती त्यांच्यात बुडण्याचा धोका कमी दिसला होता. पण त्याच दमात त्यांनी हेही सांगितलं की शिकवलेलं मूलही बुडू शकतं. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असायलाच हवं.

रामदास आणि शिउन मारू

आता थोडं जड प्रकरण. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास ही बोट वादळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांतून जमेल तेवढ्यांना वाचवलं. कोकणात, गिरगाव-लालबागमध्ये अजूनही काही घरांत ही आठवण आहे.

आठ वर्षांनी, ११ मे १९५५ रोजी जपानमध्ये शिउन मारू ही फेरीबोट धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ जण गेले आणि त्यात मोठा हिस्सा सहलीला निघालेल्या शाळकरी मुलांचा होता. देश हादरला. त्यानंतर जपानमध्ये शाळांत तलाव बांधण्याची लाट आली आणि पोहणं हा प्राथमिक शाळेतला नेहमीचा विषय होऊन गेला.

खवळलेल्या समुद्रात नुसतं पोहता येऊन सगळे वाचले असते असं मी म्हणत नाही. बोटीची स्थिती, हवामान, जॅकेट, सगळं महत्त्वाचं. पण एका अपघातानंतर एका देशाने ठरवलं की प्रत्येक मुलाला पाणी ओळखीचं करून द्यायचं. आपल्याकडे शेकडो किलोमीटर किनारा असलेल्या राज्यात ते आजही शाळेच्या वेळापत्रकात नाही.

हॉलंडमधली एक गोष्ट मला फार पटते. तिथे मुलांना पोहण्याचा पहिला दाखला मिळवण्यासाठी कपडे घालून पोहून दाखवावं लागतं. कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. आपल्याकडे तर हे दुप्पट लागू आहे. ओली जीन्स किंवा पंजाबी ड्रेस अंगावर असताना पाण्यात हालचाल कशी होते, हे मुलीला पहिल्यांदा अपघातातच कळू नये.

पाणी कोणाचं?

मघाशी मी म्हटलं "आपली विहीर". हा "आपली" शब्द तपासायला हवा. ज्या विहिरीला, ज्या तळ्याला हात लावायची बंदी होती, तिथे त्या घरातलं पोर पोहायला कसं शिकणार? १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो मान्यही केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह जाऊन चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यावं लागलं, तेव्हा त्या हक्काची नोंद झाली. तो संघर्ष पिण्याच्या पाण्याचा आणि माणूसपणाचा होता. पण जिथे ओंजळभर पाण्यासाठी लढावं लागलं, तिथे पोहण्याची मजा आणि त्यातली सुरक्षितता कुणाच्या वाट्याला आली असेल, हे वेगळं सांगायला नको.

हे फक्त आपल्याकडेच नाही. २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर वाहत गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या किनाऱ्याकडे गेला. त्याच्यावर दगड मारले गेले, तो बुडाला आणि शहरात दंगल पेटली. पुढे अनेक शहरांनी तलाव सगळ्यांना खुले करण्याऐवजी चक्क बंद केले. आजही अमेरिकेत तलावांत बुडण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय मुलांमध्ये गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. आईबापांना शिकू दिलं नाही, म्हणून त्यांनी मुलांना पाण्यापासून लांब ठेवलं, म्हणून मुलंही शिकली नाहीत. भीतीसुद्धा वारसाहक्काने येते.

तळ्यातली बांबूची चौकट

शेवटची गोष्ट बांगलादेशातली. तिथे दारादारात तळी आहेत. १९८० च्या दशकापासून जुलाब आणि इतर आजारांवर उपचार सुधारले, बालमृत्यू घटले. आणि मग दिसायला लागलं की मतलब नावाच्या ज्या भागात वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या जात होत्या, तिथे १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास बुडून होत आहेत. आजारातून वाचवलेली मुलं घराशेजारच्या तळ्यात जात होती.

त्यांनी दोन कामं केली. मोठ्या मुलांसाठी गावातल्याच तळ्यात बांबूची चौकट आणि तिच्या तळाशी बांबूचाच मंच. म्हणजे खोल तळ्यात एक उथळ कोपरा. गावातल्याच तरुणांना शिकवून शिक्षक केलं. लक्ष्य काय? २५ मीटर पोहणं आणि ३० सेकंद तरंगत राहणं. आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला कसं वाचवायचं तेही.

अगदी लहानग्यांसाठी सकाळी नऊ ते एक अशी पाळणाघरं. कारण बुडण्याच्या घटना बहुतेक याच वेळात होतात, जेव्हा आई कामात असते. या पाळणाघरांचं नाव आहे "आँचल", म्हणजे आपला पदर. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळणाघरात जाणाऱ्या मुलांचे बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक आणि पोहायला शिकलेल्या मुलांचे ९० टक्क्यांहून अधिक कमी दिसले. बांबू, दोर आणि लक्ष देणारा एक माणूस, एवढ्यावर.

याच बांगलादेशाने आयर्लंडसोबत पुढाकार घेतला आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. जगात दरवर्षी सुमारे ३ लाख माणसं बुडून जातात आणि त्यांतली जवळपास पाव भाग पाच वर्षांखालची मुलं असतात. भारतातल्या सरकारी नोंदींत सगळ्या वयांचे मिळून हे आकडे अलीकडे दरवर्षी ३५ हजारांच्या वर आहेत.

मग आपण काय करायचं?

तुमच्यापैकी बहुतेकांना अजून मुलं नसतील. पण भाचा-पुतणी असते, धाकटा भाऊ असतो, उन्हाळ्यात गावी गेलं की पोरांची फौज आपल्याच गळ्यात असते. तर इतिहासातून उचलण्यासारखं एवढंच.

एक, आधी उथळ पाणी. नसेल तर तयार करा, नाहीतर थांबा. दोन, पहिले काही दिवस फक्त ओळख: तोंड बुडवणं, बुडबुडे, पाठीवर तरंगणं. अंड्याऐवजी स्टीलची वाटी टाका, कमरेएवढ्या पाण्यात पोरं तासभर खेळतील. तीन, ट्यूब आणि कॅन शिकायला मदत करतात, राखण करत नाहीत. दोराचं टोक माणसाच्या हातात असतं, आणि त्या माणसाच्या दुसऱ्या हातात मोबाइल नसावा. बुडणारं लहान मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, पाणी उडवत नाही, गुपचूप खाली जातं. चार, रांगतं मूल घरात असेल तर बाथरूममधली भरलेली बादलीही विहीरच समजा. पाच, कोणी बुडताना दिसलं तर मुलाने उडी मारायची नाही. ओरडायचं, काठी, दोर, ओढणी, रिकामा कॅन, जे मिळेल ते त्याच्याकडे टाकायचं. हे त्याला पोहण्याआधी शिकवा.

आणि पुढच्या वेळी कोणी काठावरून म्हणालं, "ढकल त्याला, येईल आपोआप," तर त्यांना विचारा, "तुम्हाला ढकललं तेव्हा खाली पाण्यात कोण उभं होतं?" बहुतेकांना एक नाव आठवेल. त्या दिवशी ते काम आपण करायचं.

एपिसोड आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, सुट्ट्या लागायच्या आत टाका. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!